सह्याद्रीत संशोधन केंद्र बांधायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटमाथ्यावर आणि तळकोकणात लहान संशोधन केंद्रांचे आराखडे करणं हे माझं रोजचं काम. दर उन्हाळ्यात, म्हणजे निधी मंजूर होऊन पावसाआधी जोतं तरी बांधून घ्यावं अशी घाई सुरू झाली की, तेच तेच प्रश्न येतात. विचारणारे बहुतेक जण वनस्पती, कीटक, बेडूक किंवा पाऊस यांवर काम करणारे असतात, अधूनमधून एखादा खगोलशास्त्रज्ञ. उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. घराला जे लावतो तेच संशोधन इमारतीला लावलं की झालं ना? खेळती हवा, मोठ्या खिडक्या आणि वर सोलर?

निम्मं बरोबर आहे. माणसं जिथे बसतात, जेवतात, झोपतात तिथे हेच लागू. पण या इमारतीत माणसांखेरीज इतरही बिऱ्हाडं असतात: वाळवलेले नमुने, रसायनं, सूक्ष्मदर्शक, फ्रीझर. त्यांना खेळती हवा नको असते. शिवाय घर रात्री झोपतं, इथली यंत्रं चोवीस तास जागी असतात. एवढ्याच क्षेत्रफळाच्या कचेरीच्या कितीतरी पट वीज प्रयोगशाळा खाते. त्यातली बरीचशी हवा बदलण्यात आणि न थांबणाऱ्या यंत्रांत जाते, दिवे-पंख्यांचा वाटा किरकोळ असतो.

२. मग आराखड्याची सुरुवात कुठून करायची?

यंत्रांच्या यादीपासून. कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी मी ही यादी मागतो आणि बहुतेक वेळा समोरचे चिडतात. त्यांना खिडक्यांबद्दल बोलायचं असतं.

आठ-दहा जणांच्या केंद्राचा साधा हिशोब बघा. उणे ८० अंशांचा एक फ्रीझर दिवसाला १२ युनिट धरा. जुना असेल तर २० सुद्धा खाईल. दोन साधे फ्रीज मिळून ४. नमुन्यांच्या खोलीतलं आर्द्रता काढणारं यंत्र, ४०० वॅटचं, दिवसरात्र चालू: जवळजवळ १०. नमुने वाळवायची भट्टी ४. आठ लॅपटॉप ३. तीस वॅटचे दहा पंखे, दहा तास: ३. वीस एलईडी दिवे १. पाण्याचा पंप १. झाले ३८ युनिट. त्यातले २२ फक्त फ्रीझर आणि आर्द्रतेच्या यंत्राचे. दिवे आणि पंखे मिळून ४.

आता सांगा, खिडकीवर चार बैठका घ्यायच्या की फ्रीझरवर एक? खिडक्या महत्त्वाच्या आहेतच, त्यांच्याकडे येऊ (प्रश्न ५). पण ज्या इमारतीत फ्रीझरचा प्रश्न सुटलेला नाही, तिला मी ऊर्जाबचतीची इमारत म्हणत नाही, तिच्या छपरावर कितीही पॅनेलं असोत.

३. उणे ८० च्या फ्रीझरशिवाय आमचं काम होणारच नाही. त्याला पर्याय आहे का?

बऱ्याचदा आहे. आधी विचारा की तो रानात लागतो की शहरातल्या मुख्य संस्थेत. झाडांच्या डीएनएसाठी पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये नीट वाळवला तर तो साध्या तापमानाला टिकतो. आरएनएसाठी नमुना टिकवणारी द्रावणं मिळतात. बाकीचं द्रव नायट्रोजनच्या भांड्यातून थेट शहरात नेता येतं. केंद्रात साधा डीप फ्रीझर पुरतो.

फ्रीझर हवाच असेल तर तीन गोष्टी करा. उणे ८० ऐवजी उणे ७० वर ठेवा. बहुतेक नमुन्यांना फरक पडत नाही आणि विजेत ढोबळमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश बचत होते. तो उत्तरेकडच्या, सावलीतल्या, बाहेरून हवा मिळणाऱ्या स्वतंत्र खोलीत ठेवा, कारण तो जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता खोलीत ओततो. एसीच्या खोलीत ठेवलात तर एका विजेचे पैसे दोनदा भराल. आणि दर महिन्याला बर्फ खरवडा. हे काम कुणाचं ते आधी ठरवा, नाहीतर ते कुणाचंच नसतं.

४. जागा कशी निवडावी? आम्हाला दाट झाडीच्या मधोमध एक सुंदर जागा मिळते आहे.

सुंदर जागा सोडा. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्यावरच बसू नये. रस्ता, वीज आणि पाणी जिथवर आधीच पोचलं आहे, जिथे जुनं शेत, पडीक खळं किंवा मोडकळीला आलेली इमारत आहे, ती कडेची जागा घ्या. मधल्या झाडीत जायचं म्हणजे रस्ता आला, रस्त्यासाठी कटाई आली, वरचं छत तुटलं, आणि फांद्याफांद्यांवरून जाणाऱ्या शेकरूची वाट बंद झाली.

जागा जुलैत बघा. जानेवारीत सगळा सह्याद्री छानच दिसतो. जुलैत कळतं की पाणी कुठून उतरतं, धुकं किती दिवस बसतं आणि जीप कुठे रुतते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला त्याहूनही जास्त. त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

परवानग्यांचं थोडक्यात: वनजमीन असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात आहेत, तिथले नियम वेगळे. जमीन खासगी आहे म्हणून मोकळे आहात असं समजू नका. झाड तोडायलाही परवानगी लागते.

५. इमारतीचं तोंड कोणत्या दिशेला ठेवायचं?

लांबी पूर्व-पश्चिम, मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण. हे सगळीकडेच सांगतात. कारण साधं आहे: सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जाने अडत नाही, दुपारचं अडतं. आपल्याकडे डिसेंबरातल्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४८ ते ५० अंशांवर असतो. म्हणजे खिडकीवरचा दोन फुटांचा छज्जा खालचं सव्वादोन फूट सावलीत ठेवतो, बाकी ऊन आत येतं. घाटावर थंडीत ते हवंच असतं.

इंग्रजी पुस्तकांत एक गोष्ट सापडत नाही, कारण ती पुस्तकं वरच्या अक्षांशांवर लिहिलेली. आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे मेच्या उत्तरार्धात, पाऊस सुरू व्हायच्या आत, उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. 'उत्तरेला ऊन येत नाही' म्हणून तो वगळणारे दरवर्षी भेटतात.

पण सह्याद्रीत उन्हाहून मोठा मुद्दा झडीचा. नैऋत्य आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस सरळ पडत नाही, भिंतीवर फेकला जातो. कोकणातल्या जुन्या घरांना पश्चिमेच्या पडवीला पावसाआधी झावळ्यांचे झाप बांधतात ते उगीच नाही. केंद्राच्या पश्चिमेला भांडार, जिना, मोरी, जनरेटरची खोली असं काहीतरी जाड आणि बिनखिडकीचं ठेवा. त्यापुढे खोल पडवी.

हे मी चुकून शिकलो. घाटाच्या कडेवरच्या एका केंद्रात दरीचं दृश्य दिसावं म्हणून पश्चिमेला वाचनखोली आणि काचेची भिंत केली. आग्रह त्यांचा होता, पण हो म्हणणारा मी. पहिल्याच जुलैत फोन आला: 'पाऊस खालून वर येतोय.' मला वाटलं थट्टा आहे. जाऊन पाहिलं तर खरंच, दरीतून चढणारा वारा पाणी उचलून वळचणीखाली मारत होता आणि कौलांच्या खालच्या बाजूने ते आत उतरत होतं. नाणेघाटातला उलटा धबधबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना नवल वाटणार नाही. तीन कपाटं पुस्तकं गेली. आता तिथे जांभ्याची भिंत आहे आणि दरी बघायला एक हातभर रुंद खिडकी.

६. भिंती जांभ्याच्या, विटांच्या की काँक्रीटच्या?

कोकणात चिरा जवळच्या खाणीतून मिळत असेल तर जांभा. वाहतूक कमी, गवंड्यांचा हात बसलेला, आणि जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते. मात्र जांभा पाणी पितो. पश्चिमेकडची भिंत बाहेरून चुन्याचा गिलावा करून किंवा पडवीखाली घेऊनच वाचते. उघडा चिरा फोटोत देखणा दिसतो, दुसऱ्या पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होतो. घाटावर बेसाल्टचा दगड किंवा विटा.

कोयना परिसरात बांधत असाल तर ११ डिसेंबर १९६७ विसरू नका. जड दगडी भिंती, मातीचा सांधा आणि वर नुसतं टेकवलेलं छप्पर हीच घरं तेव्हा आधी कोसळली. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळ्या, ही तडजोड करायची नाही. 'पर्यावरणपूरक' म्हणून सिमेंट टाळायचा उत्साह इथे आवरा.

स्वयंपाकघर, सामानाची शेड अशा किरकोळ कामाला कारवीच्या कुडाची भिंत अजूनही उत्तम. मात्र कारवी गावातल्या जाणत्या माणसाला विचारून आणि परवानगीनेच घ्या.

७. एसीशिवाय प्रयोगशाळा चालेल का?

माणसांसाठी, घाटमाथ्यावर, हो. आपल्या हवामानात राहणाऱ्यांना खुल्या खिडक्यांच्या इमारतीत काय सोसतं याचं भारतीय मोजमाप झालेलं आहे. ढोबळ सूत्र असं: बाहेरच्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि त्यात १२.८३ मिळवा. सरासरी २८ असेल तर उत्तर जवळजवळ २८ येतं, आणि त्याच्या दोन-सव्वादोन अंश वरखाली बहुतेकांना चालतं. वरून पंख्याचा वारा. मग २२ अंशांचा एसी कुणासाठी?

यंत्रांसाठी, असं उत्तर येतं, आणि ते कधी कधी खरं असतं. म्हणून खोल्या कांद्यासारख्या रचा. बाहेरच्या पापुद्र्यात पडवी, बैठक, जेवण. मग टेबलं आणि सूक्ष्मदर्शक. अगदी आत, चारही बाजूंनी दुसऱ्या खोल्यांनी वेढलेली, एक लहान बंद खोली: जिला थंड किंवा कोरडं ठेवायचं ते सगळं तिथे. एसी लागला तर तिथेच. पूर्ण मजल्याला एसी मागणाऱ्यांची अडचण बहुधा एका यंत्रापुरती असते.

८. आमचा खरा त्रास उकाड्याचा नाही, बुरशीचा आहे. काय करावं?

हा प्रश्न विचारणाऱ्याने सह्याद्रीत एक तरी पावसाळा काढलेला असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेरची हवा जवळजवळ संपृक्त असते. अशा हवेत खिडक्या उघडून खोली 'कोरडी' होत नाही, उलट ओल आत येते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर जाळं धरतं, वाळवलेल्या पानांवर पांढरी लव येते, बुटांचं तर विचारूच नका.

सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी येणारच. नमुन्यांच्या खोलीत ती ५५ च्या आत ठेवायची. त्यासाठी खोली लहान आणि घट्ट हवी: दाराला रबरी पट्टी, आत-बाहेर दोन दारं, खिडकी शक्यतो नकोच. दारं फटींची असतील तर आर्द्रता काढणारं यंत्र अख्ख्या घाटाची हवा सुकवत बसतं. यंत्रातून निघणारं पाणी एकदा बादलीत मोजा. बंद खोलीत दिवसाला दोन-तीन लिटर आलं तर ठीक. बादली रोज भरत असेल तर यंत्र मोठं घेऊ नका, फट शोधा.

भिंगं, कॅमेरे यांना खोलीचीही गरज नाही. रबरी पट्टीचा डबा आणि सिलिका जेल. जेलने रंग बदलला की भट्टीत तापवून पुन्हा वापरायचं. जुन्या प्रयोगशाळांत कपाटाच्या तळाला १५ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवत. तापलेल्या हवेची आर्द्रता उतरते एवढंच त्यामागचं शास्त्र, आणि ते आजही चालतं. मात्र जुना बल्ब मिळत नाही म्हणून तिथे एलईडी लावणारेही पाहिले आहेत. तो तापत नाही.

जमिनीतून चढणारी ओल वेगळी. तिच्यासाठी जोतं निदान दोन-अडीच फूट उंच, जोत्याच्या वर ओल अडवणारा थर, आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब नेणारा गटार. छपराला पन्हळ लावायची की नाही यावर वाद आहेत. झाडांच्या खाली मी लावत नाही, कारण ती ऑगस्टात पानांनी तुंबते आणि पाणी नेमकं भिंतीत सोडते.

९. जमिनीखालच्या बोगद्यातून हवा आणून इमारत थंड करतात असं वाचलं. पाण्याचे मनोरेही असतात. आपण करू का?

जिथे ते चालतं तिथे छान चालतं. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेचं प्रशिक्षण संकुल आहे, तिथे सुमारे चार मीटर खोल पुरलेल्या नळ्यांमधून हवा खोल्यांत येते. एवढ्या खोलवर मातीचं तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असतं, म्हणून मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीसला थंडावा आणि जानेवारीत ऊब. अहमदाबादला टॉरेंटच्या औषध संशोधन केंद्रात मनोऱ्याच्या माथ्यावर पाण्याचे बारीक तुषार सोडतात. कोरडी तापलेली हवा ते पाणी पिते, थंड आणि जड होऊन खाली उतरते आणि प्रयोगशाळांतून फिरते. नव्वदच्या दशकातली ही इमारत आजही शिकवण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या आवारातल्या कार्नेगी संस्थेच्या २००४ च्या इमारतीत रात्री छपरावर पाणी शिंपडतात. निरभ्र आकाशाकडे उष्णता फेकून ते थंड होतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी इमारत थंड करतं.

आता आपला जुलै घ्या. हवा आधीच पाण्याने भरलेली, तेव्हा तुषार पिणार कोण? आकाशावर महिनोन्महिने ढगांची गोधडी, तेव्हा उष्णता फेकणार कुठे? आणि गार बोगद्यात दमट हवा शिरली की नळीच्या आत दव धरतं, मग बुरशी, आणि ती हवा थेट नमुन्यांच्या खोलीत. ग्वाल पहाडीलाही बोगद्याच्या जोडीला शीतयंत्रं ठेवलेली आहेत. अहमदाबादच्या मनोऱ्यात पावसाळ्यात तुषार बंद असतात.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, वाई, जुन्नर, संगमनेरकडच्या कोरड्या पट्ट्यात, मार्च ते मे तुषारांचा विचार करता येईल. घाटमाथ्यावर आणि कोकणात हे पैसे छपरावर घाला: कौलं, खाली हवेची पोकळी, त्याखाली लाकडी किंवा बांबूची माळवदवजा तक्तपोशी.

१०. सोलर किती किलोवॅट लागेल?

महाराष्ट्रात एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट देतं. प्रश्न २ मधल्या ३८ युनिटांना साडेनऊ किलोवॅट. पण ही सरासरी फसवी आहे. घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टात उत्पादन एप्रिलच्या निम्म्याहून खाली जातं, आणि नेमकं तेव्हाच आर्द्रतेचं यंत्र चोवीस तास चालतं. पावसाळ्यापुरतं भागवायला वीस किलोवॅट लावलेत तर उरलेले आठ महिने निम्मी वीज फुकट.

म्हणून आधी गरज छाटा. उणे ८० चा फ्रीझर शहरात हलवला की ३८ चे २६ होतात. वाहिनीवरची वीज पोचलेली असेल तर तिच्याशी जोडून घ्या आणि बॅटरी फक्त रात्रीपुरती, आवश्यक यंत्रांपुरती. त्यासाठी वायरमनला सुरुवातीलाच सांगून दोन वेगळे बोर्ड करून घ्या: एक 'कधीच बंद नाही', दुसरा 'वीज गेली तर गेली'. नंतर भिंती फोडून हे करणं फार महाग पडतं.

पॅनेलं दक्षिणेला, अठरा-वीस अंश कलती. त्यासाठी झाडं तोडायची वेळ येत असेल तर पॅनेलं जीपच्या शेडवर किंवा जुन्या खळ्यात न्या.

११. पावसात ओढा वाहतो त्यावर वीज करता येईल?

हा माझा आवडता प्रश्न. जो पाऊस सोलर मारतो तोच ओढा भरतो. सेकंदाला दहा लिटर पाणी आणि वीस मीटरची उतरण असेल, यंत्रणा निम्म्याच कार्यक्षमतेने चालली, तरी साधारण एक किलोवॅट मिळतो. ऐकायला थोडा वाटतो. पण तो रात्रंदिवस असतो: दिवसाचे २४ युनिट, म्हणजे छाटलेली गरज जवळजवळ भागली.

अडचणी तीन. पाणी उचलायची परवानगी. तोंडाशी अडकणारा पालापाचोळा, जो भर पावसात रोज कुणीतरी जाऊन काढावा लागतो. आणि ओढ्यातले जीव: सगळं पाणी नळीत घ्यायचं नाही. तुमच्याच केंद्रात बेडकांवर काम करणारं कुणी असेल तर आधी त्यांना विचारा.

१२. जनरेटर ठेवावा की नको?

छोटा ठेवा. सलग पाच दिवसांच्या झडीत वाहिनी पडली की तत्त्वं उपयोगी पडत नाहीत. फक्त त्याची उष्णता वाया जाते हे लक्षात असू द्या. अंटार्क्टिकावरचं आपलं भारती केंद्र, जे गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवतं, १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभं केलं आहे. तिथे जनरेटरचीच उष्णता इमारत गरम ठेवायला वापरतात. आपल्याकडे तेवढी गरज नाही, पण नमुने वाळवायची खोली जनरेटरच्या भिंतीला लागून ठेवायला काय हरकत आहे? धूर मात्र त्या खोलीत येता कामा नये.

१३. रसायनांच्या कामाला फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं, पुढे सरकत्या काचेचं कपाट) लागतो. त्याने वीज किती वाढेल?

हूडचा पंखा स्वतः फार खात नाही. तो जी हवा बाहेर फेकतो ती महागात पडते. चार फूट रुंद हूड, काच दीड फूट उघडी, हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर: तासाला हजारएक घनमीटर हवा गेली. पाच बाय सहा मीटरची, तीन मीटर उंच खोली साडेपाच मिनिटांत एकदा पूर्ण रिकामी. खोलीत एसी असेल तर तुम्ही अक्षरशः रान थंड करताय. म्हणून हूड बिनएसीच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला लावून. काम नसताना काच खाली. तेवढी सवय लागली तरी अर्धी लढाई जिंकली. विषारी कामात मात्र बचतीसाठी हवेचा वेग कमी करायचा नाही.

१४. काचा आणि दिवे यांचा रानाला त्रास होतो का?

होतो. काचेत झाडी दिसली की पक्षी तिला झाडीच समजतो. काचेच्या बाहेरच्या अंगाला दर पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा काढा. एखादं बहिरी ससाण्याचं चित्र चिकटवून भागत नाही. बाहेरून ताणलेली मच्छरदाणीची जाळी सगळ्यात स्वस्त, आणि तिने डासही अडतात.

दिवे: बाहेर पिवळसर, कमी उंचीवर, खाली तोंड केलेले, माणूस आला तरच लागणारे. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे कीटक जास्त खेचले जातात. पतंगांसाठी प्रकाशसापळा लावणाऱ्या एका गटाला महिनाभर आकडे कमी येत होते. सापळ्यापासून शंभर पावलांवर केंद्राच्या ओट्यावरचा ट्यूबलाइट रात्रभर जळत होता आणि सगळे पतंग तिथे जमत होते. वॉचमन रोज सकाळी झाडून टाकायचा.

१५. आमच्या केंद्रात दुर्बीण असणार आहे. वरचं सगळं लागू पडतं का?

नाही, आणि जाड भिंतींचा सल्ला इथे नेमका उलटतो. दिवसाची उष्णता रात्री सोडणारी इमारत दुर्बिणीसमोरची हवा हलवते आणि तारे थरथरतात. घुमटाला हलकं, लवकर निवणारं, पांढरं आवरण हवं आणि राहण्याच्या खोल्या लांब. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून जुन्नर-घोडेगाव भागात गिरवलीला आहे. अशा ठिकाणी बाहेरच्या दिव्यांची शिस्त प्रश्न १४ पेक्षाही कडक लागते.

रेडिओ खगोलशास्त्राची गोष्ट आणखी वेगळी. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. स्वस्त एलईडीचे चोक आणि सोलरचे इन्व्हर्टर रेडिओ-गोंगाट करतात. त्या परिसरात बांधत असाल तर इन्व्हर्टर विकत घ्यायच्या आधी त्यांच्याशी बोला.

१६. हरित मानांकन घ्यावं का? ऊर्जा संहिता आम्हाला लागू आहे का?

ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. आठ-दहा जणांचं केंद्र त्यात बसत नाही. तरी तिच्यातले छप्पर आणि खिडक्यांचे तक्ते उघडून बघा, फुकट आहेत. मानांकन निधी देणाऱ्याला हवं असेल तर घ्या. अडीच हजार चौरस मीटरच्या आतल्या इमारतींसाठी 'गृह' (GRIHA) या भारतीय हरित मानांकनाची सोपी आवृत्ती, 'स्वगृह', आहे.

१७. ठेकेदार सगळं कबूल करतो आणि नंतर साधंच बांधतो. यावर उपाय?

करारात युनिटांचा आकडा घाला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेची मोठी कचेरी-इमारत २०१० मध्ये उभी राहिली. तिथे निविदेतच वार्षिक वीजवापराची मर्यादा घातली होती, आणि किंमतही आधीच ठरलेली. मग वास्तुरचनाकार आणि ठेकेदार मिळून वाटा शोधू लागले: इमारतीची रुंदी अठरा मीटरहून जास्त नको म्हणजे मधल्या टेबलापर्यंत उजेड पोचेल, डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप, वगैरे.

आपल्याकडे एवढं नाही तरी हे करा. प्रत्येक बोर्डाला वेगळा मीटर. शेवटच्या हप्त्यातला काही भाग पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवा, आणि गळती आणि ओल तेव्हा तपासा. मेमध्ये हातात घेतलेली इमारत कशी आहे ते ऑगस्टात कळतं.

१८. गावात बंद पडलेली शाळा आहे. ती घेऊन केंद्र करता येईल का?

करता येत असेल तर हे सगळं पान बाजूला ठेवून तेच करा. भिंती उभ्या आहेत, रस्ता आहे, वीज आहे, एकही झाड जाणार नाही. छपराची डागडुजी, आत एक घट्ट कोरडी खोली (प्रश्न ८), दोन बोर्ड (प्रश्न १०), पश्चिमेला पडवी. ग्रामपंचायतीशी आणि शिक्षण विभागाशी कागदोपत्री करार मात्र पक्का करा. पट वाढला तर शाळा परत मागतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

१९. वानरं कौलं फोडतात आणि पॅनेलांवर नाचतात. पत्रा घालू का?

पत्रा तापतो आणि पावसात आत बोलणं ऐकू येत नाही. व्याख्यानाच्या खोलीवर तर नकोच. वानरं छपरावर येतात ती फांदीवरून उडी मारून, किंवा खाली खरकटं मिळतं म्हणून. ओला कचरा झाकणाच्या टाकीत ठेवा. छपरावर झुकलेली फांदी, तेवढी एकच, परवानगी घेऊन कमी करा. कौलांखाली जाळी ताणून घ्या म्हणजे फुटलेला तुकडा कुणाच्या डोक्यात पडणार नाही. पॅनेलं जमिनीवर असतील तर भोवती साधं कुंपण. आणि बांधतानाच दोनशे कौलं जास्त मागवून माळ्यावर रचून ठेवा. पाच वर्षांनी त्याच मापाचं कौल मिळेलच असं नाही.